पुढच्या भागाची वाट : ‘रिव्हन’, ‘राजी’ आणि नंदुरबार

३१ ऑक्टोबर १९९७ ला अमेरिकेत ‘रिव्हन’ नावाचा कॉम्प्युटर गेम दुकानांत आला. त्या दिवशी नंदुरबार हा जिल्हा नव्हता, धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पण ‘रिव्हन’ मी खेळलो तो शहाद्यात, वीस वर्षांनी, २०१७ मध्ये तो अँड्रॉइड फोनवर आला तेव्हा. आणि हा गेम निघाला तेव्हा समीक्षकांनी काय लिहिलं होतं ते नंतर वाचत गेलो, तसं एक लक्षात आलं. त्यांना जे दिसलं होतं ते मला दिसलं होतंच, पण मला जे दिसलं त्याबद्दल तिथे फारसं काही नव्हतं.

हा लेख त्याबद्दल आहे. एखाद्या गेमच्या पुढच्या भागाची लोक वाट कशी बघतात, तो आल्यावर त्याला चांगलं-वाईट कोण ठरवतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बसून तोच गेम खेळला तर काय वेगळं दिसतं. आज हा विषय निघायचं कारण पुण्याचं आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी ‘मिस्ट’

‘रिव्हन’ हा ‘मिस्ट’चा पुढचा भाग. ‘मिस्ट’ सप्टेंबर १९९३ मध्ये आला. रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराजवळ तो बनवला. त्यांच्या कंपनीचं नाव सायन. तोवर ते लहान मुलांसाठी गेम करत होते, आणि ‘मिस्ट’ उभा केला तोही मॅकिंटॉशवरच्या हायपरकार्ड नावाच्या साध्या सॉफ्टवेअरवर. एकेक चित्र म्हणजे एकेक कार्ड. चित्रात कुठेतरी क्लिक करायचं की पुढचं कार्ड. अशी सुमारे अडीच हजार चित्रं.

खेळ म्हणजे काय तर तुम्ही एका निर्जन बेटावर आहात. कुणी मारायला येत नाही, घड्याळ चालू नाही, गुण नाहीत, तुम्ही मरत नाही. यंत्रं आहेत, पुस्तकं आहेत, बंद दारं आहेत. बघायचं, वहीत टिपून ठेवायचं, विचार करायचा. या प्रकाराला पझल अॅडव्हेंचर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गोष्टीच्या पोटात कोडी, आणि कोडं सुटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

त्या वेळी सीडी-रॉम ही नवी चीज होती. घरच्या कॉम्प्युटरला सीडीचा ड्राइव्ह कशाला हवा, या प्रश्नाचं उत्तर अनेकांसाठी ‘मिस्ट’ हेच ठरलं. एरवी गेमकडे न फिरकणारे लोक तो विकत घेऊ लागले. साठ लाखांहून जास्त प्रती गेल्या. पुढे २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत कॉम्प्युटरवरचा सर्वांत जास्त खपलेला गेम हाच होता.

मग अपेक्षा सुरू झाल्या. ‘मिस्ट’ अर्धवट सुटलेल्या गोष्टीवर संपतो. ॲट्रस नावाच्या माणसाची तुम्ही सुटका करता, पण त्याची बायको कॅथरीन दुसऱ्या एका जगात अडकलेली आहे, आणि तो म्हणतो की पुढे कदाचित तुमची मदत लागेल. बस्स. मधल्या काळात, १९९५ मध्ये, ॲट्रसच्या लहानपणाची कादंबरी आली आणि त्याच्या वडिलांचं, गेन या माणसाचं पात्र लोकांना कळलं. पुस्तकात विशिष्ट तऱ्हेने लिहिलं की त्या जगाचं दार उघडतं, अशी विद्या असलेल्या घराण्याची ही गोष्ट. गेनला वाटायचं की आपण लिहितो म्हणून ती जगं निर्माण होतात, म्हणजे आपण त्यांचे देव. ॲट्रसने त्याला त्याच्याच एका जगात अडकवून बाहेरची वाट बंद केली. ते जग म्हणजे रिव्हन.

मिलर बंधूंना ‘मिस्ट’सारखंच आणखी एक बेट झटपट करून विकता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. डिस्नेच्या ‘अलादीन’वर काम केलेला रिचर्ड व्हँडर वेंड त्यांच्याबरोबर आला. साध्या मॅकऐवजी त्या काळची महागडी सिलिकॉन ग्राफिक्स यंत्रं आली. दोन भागांत चार वर्षं गेली. इतक्या वेळात कॉम्प्युटर गेमची दुनियाच पालटली. १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला. त्यात खेळाडू खऱ्याखुऱ्या त्रिमितीत धावत होता, मान वळवील तिकडे बघत होता, गोळ्या झाडत होता. आणि ‘रिव्हन’ अजूनही एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जाणार होता.

समीक्षकांनी काय लिहिलं

‘रिव्हन’ पाच सीडींवर आला. स्वागत एकूण जोरदार झालं. दृश्यांचं कौतुक झालं, रॉबिन मिलरच्या संगीताचं झालं. सर्वांत जास्त दाद मिळाली ती जगाच्या एकसंधपणाला. ‘मिस्ट’मध्ये कोडी कुणीतरी मुद्दाम मांडून ठेवल्यासारखी वाटायची. ‘रिव्हन’मध्ये एखादं यंत्र, पूल किंवा बोगदा तिथल्या कुणाच्या तरी गरजेतून आलेला असतो. ती गरज कळली की यंत्र कसं चालवायचं तेही कळतं.

तक्रारीही होत्या. एक, फार अवघड. दोन, एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं की सीडी काढा आणि दुसरी घाला. तीन, हा काही गेम नव्हे, हा सुंदर स्लाइड-शो आहे. या तिसऱ्या तक्रारीमागे मोठा वाद होता. गोळीबाराचे गेम पुढे चालले होते आणि विचार करायला लावणारे अॅडव्हेंचर गेम मागे पडतायत, असं खुद्द गेमच्या मासिकांमधून बोललं जात होतं. ‘रिव्हन’ लाखोंनी खपला, पण ‘मिस्ट’ची बरोबरी झाली नाही. त्यानंतर रॉबिन मिलर कंपनीतून बाहेर पडला.

अवघडपणाबद्दलच्या तक्रारीवर थोडं थांबायला हवं, कारण माझं समीक्षकांशी पटत नाही ते इथे.

विसा आणि पंचवीस

रिव्हनमध्ये माणसं राहतात. जंगलाच्या बेटावर त्यांचं गाव आहे, पण तुम्ही गेलात की ती लपतात. गावात एक शाळा आहे, गेनने काढलेली. एकच खोली. तिथे एक खेळणं टांगलेलं आहे. दोन छोटी माणसं दोरीला लटकलेली आणि खाली एक मोठा जलचर तोंड वासून. खेळणं फिरवलं की एक चिन्ह दिसतं आणि एक माणूस तितकी घरं खाली, त्या तोंडाकडे सरकतो. गेन गुन्हेगारांना त्या प्राण्याच्या तोंडी देतो, तीच शिक्षा इथे मुलांचं खेळणं झाली आहे. आणि त्याच खेळण्यातून मुलं अंक शिकतात.

हे अंक गेनच्या लोकांचे, गावकऱ्यांचे नाहीत. मोजणी दहाची नाही, पंचवीसची. खेळण्यातून एक ते दहा कळतात. मग लक्षात येतं की पाचाचं चिन्ह म्हणजे एकाचं चिन्ह आडवं फिरवलेलं, दहाचं म्हणजे दोनाचं. तेवढ्यावरून चोवीसपर्यंतचे अंक आपल्याला लावता येतात. ते आल्याशिवाय पुढचं काहीच उघडत नाही.

बऱ्याच खेळाडूंना हे जाचक वाटलं. अंक वेगळे कशाला, साधे एक-दोन-तीन का नकोत? मला शहाद्यातला आमचा वर्ग आठवला. वर्गातली बरीच मुलं धडगाव, तळोदा, अक्कलकुव्याच्या डोंगरातून येऊन वसतिगृहात राहायची. घरी कुणाची पावरी, कुणाची दुसरी भिली बोली. बाजारात अहिराणी आणि गुजराती. शाळेत मराठी, तीही पुस्तकातली. आमच्याकडची जुनी माणसं अजून विसांत मोजतात. साठ म्हणजे तीन इसा. त्या मोजणीत वाढलेल्या मुलाला पाटीवरचं ‘साठ’ हे नवं चिन्ह असतं. दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या खेळण्यावरून, दुसऱ्याचे अंक शिकायचे आणि ते आल्याशिवाय पुढचं दार उघडणार नाही, ही त्या मुलांची रोजची गोष्ट होती. समीक्षकाला जो अडथळा दोन दिवस सोसावा लागला, तो इथे दहा वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

गंमत अशी की रिव्हनचं एक मोठं कोडं उलट दिशेने जातं. गेनविरुद्ध बंड करणारे गावकरी लपून राहतात. त्यांच्यापर्यंत पोचण्याची खूण अंकांत नाही, प्राण्यांत आहे. जंगलात, पाण्याकाठी, डोळ्याच्या आकाराचे लाकडी गोळे बसवलेले आहेत. गोळा फिरवला की एका प्राण्याचा आवाज येतो आणि मागे एक अंक दिसतो. आवाज ऐकायचा, तो प्राणी कुठला ते ओळखायचं, आसपासच्या खडकांत आणि पाण्यात त्याचा आकार शोधायचा. मग पंचवीस दगडांच्या रिंगणातून पाच बरोबर दगड त्याच क्रमाने दाबायचे. राज्यकर्त्याचे अंक आणि रहिवाशांचं जंगल, दोन्ही वाचता आलं तरच वाट उघडते. एक भाषा पुरत नाही.

याच सातपुड्यात, नर्मदेच्या काठी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या. मुलांना त्यांच्या बोलीत शिकवायचं, झाडं, पाखरं, नदी यांच्यापासून सुरुवात करायची आणि तिथून मराठीकडे जायचं, अशी ती पद्धत. ‘रिव्हन’ बनवणाऱ्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी दोघांनी एकच गोष्ट जाणली होती, की शिकणं म्हणजे एक जग पुसून दुसरं लिहिणं नव्हे.

झाडं, कागद, आणि बुडणारं गाव

इथून पुढे शेवट सांगतोय. खेळायचा असेल तर हा भाग सोडून पुढे जा.

गेन अडकलेला आहे. बाहेर पडायला त्याला दार उघडणारं पुस्तक हवं, आणि त्यासाठी कागद हवा. म्हणून तो जंगल तोडतो. लाकूड गाड्यांतून दुसऱ्या बेटावर जातं, तिथल्या बॉयलरमध्ये शिजतं, त्याचा कागद होतो. कागद नीट जमत नाही, म्हणून आणखी झाडं. गावाला सांगितलेलं असतं की तो देव आहे. त्याच वेळी ते जग आतून फाटत चाललेलं असतं.

तुमचं काम गेनला पकडायचं आणि कॅथरीनला सोडवायचं. जमलं तर कॅथरीन सांगते की तिने सगळ्या गावकऱ्यांना दुसऱ्या जगात नेऊन ठेवलं आहे, सुखरूप. मग जमीन उसवते, रिव्हन कोसळतं, आणि तुम्ही एका भेगेतून आपल्या घरी.

हा चांगला शेवट समजला जातो, आणि गेमच्या हिशोबात तो आहेच. पण १९९७ मध्ये अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात होती. मणिबेली त्यातलं पहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये धरणाची उंची वाढवायला स्थगिती दिली होती, आणि ऑक्टोबर २००० मध्ये निकाल देऊन काम पुढे चालू करायला परवानगी दिली. पुनर्वसन झालेली गावं आज तळोदा-शहाद्याच्या सपाटीला आहेत. त्यामुळे ‘सगळ्यांना नवीन जागी नेलंय, काळजी नको’ हे वाक्य मी फोनवर ऐकलं तेव्हा मला गेम संपल्यासारखा वाटला नाही. नव्या जागी पाणी कुठे, जळण कुठलं, देव कुठे बसवले, कुणाचं शेत कुणाशेजारी आलं, हे सगळं तिथून सुरू होतं. माझ्या मते ‘रिव्हन’चा खरा पुढचा भाग तो असता. तो कुणी केला नाही. नंतरच्या ‘मिस्ट’ गेमांनी दुसऱ्या गोष्टी सांगितल्या.

म्हणून ‘रिव्हन’ मला लहान वाटतो का? उलट. ज्या गेममध्ये राज्यकर्त्याची शाळा, तोडलेलं जंगल आणि लपलेली माणसं इतक्या नेमकेपणाने मांडली आहेत, त्यालाच हे प्रश्न विचारता येतात. गोळीबाराच्या गेमला कुणी विचारत नाही की गाव कुठे गेलं.

आता पुणे

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ बनवला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी हा स्टुडिओ उभा केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणीची हाक दिली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला, ऐन कोविडच्या काळात, निन्टेन्डोच्या कार्यक्रमात गेम दाखवला गेला आणि त्याच दिवशी स्विचवर आला. ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर आणि इतर कन्सोलवर. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पहिलं पाऊल टाकणाऱ्या स्वतंत्र गेमांच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ मुलगी. असुर येतात, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. ती त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत असतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेत, किल्ल्यांवर राजस्थानची छाप आहे. लढाई आहे, उड्या आहेत, आणि मधे मधे कोडी : दगडी वर्तुळं फिरवून भंगलेलं चित्र जुळवायचं, असली.

समीक्षकांचं मत संमिश्र होतं. चित्रांची, वास्तूंची, वातावरणाची भरपूर स्तुती. लढाई कच्ची. लांबी कमी. कोडी सोपी. आणि सर्वांत मोठी तक्रार : शेवट नाही, गोष्ट ऐन मोक्याच्या जागी तुटते. पुढे सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी संवाद आले. नेटफ्लिक्समार्फत गेम मोबाईलवरही आला.

लांबीची तक्रार फक्त ‘राजी’बद्दल झाली नाही. ‘मॉन्युमेंट व्हॅली २’ हा मोबाईलवरचा सुरेख कोड्यांचा गेम जून २०१७ मध्ये आयफोनवर आला. आई आणि मुलीची गोष्ट. त्यालाही ऐकावं लागलं की छोटा आहे, सोपा आहे. आमच्याकडे मात्र त्या वर्षीची अडचण वेगळी होती : अँड्रॉइडवर तो नोव्हेंबरमध्ये आला. इथे जवळजवळ सगळे फोन अँड्रॉइड. परीक्षणं जूनमध्ये वाचायची आणि गेम दिवाळी झाल्यावर खेळायचा. ज्याच्याकडे पैसे मोजून घेतलेले तास कमी आहेत त्याला तीन तासांचा पूर्ण गेम परवडतो. पण समीक्षा लिहिणाऱ्याला तो कमी भरतो. अशी ही दोन वेगळी मापं.

२०२५ मध्ये ‘राजी’च्या पुढच्या भागाची घोषणा झाली : ‘राजी : कलियुग’. हे लिहितोय तेव्हा तो यायचा आहे. चर्चा चालली आहे ती लढाई सुधारली का, ग्राफिक्स किती वाढले, गोष्ट पुरी होईल का याची. हे प्रश्न रास्त आहेत. माझा एक आणखी आहे.

पहिल्या ‘राजी’चं परदेशी समीक्षकांना अप्रूप वाटलं, कारण ग्रीक आणि नॉर्स देवांच्या पलीकडचं काहीतरी त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. आपल्यालाही अभिमान वाटला, आणि वाटावाच. पण २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातले दर शंभरातले ६९ लोक आदिवासी आहेत. त्यांची देवी याहामोगी. तिची, राजा पांठाची गोष्ट गाण्यांतून रात्ररात्र सांगितली जाते. देवमोगराची यात्रा भरते ती गुजरातच्या हद्दीत, पण माणसं इथूनही डोंगर ओलांडून जातात. होळीला काठीचं मैदान पहाटेपर्यंत ढोलाने दुमदुमतं. ‘राजी’मध्ये देव एका बाजूला, असुर दुसऱ्या बाजूला, आणि असुर मारायचे असतात. पण या देशात असुर हे नाव अभिमानाने लावणारी जमातही झारखंडमध्ये आहे. कुणाची गोष्ट ‘प्राचीन महाकाव्य’ होते आणि कुणाची ‘लोककथा’ राहते, हा प्रश्न पुण्याच्या चार-दोन माणसांनी सोडवावा, असं म्हणणं अन्याय होईल. त्यांनी एक दार उघडलं, तेच पुष्कळ. पण पुढचा भाग म्हटला की मागचं जे राहून गेलं तेही मनात येतंच.

खेळणारे

सप्टेंबर २०१० मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. सहा वर्षांनी जिओ आलं. आज धडगावच्या बाजारात पोरं घोळक्याने बसून फ्री फायर खेळताना दिसतात. वरच्या पाड्यांवर मात्र रेंजसाठी अजून टेकाडावर चढावं लागतं. गोळीबाराच्या ऑनलाइन गेमला रेंज लागते, चांगला फोन लागतो, चपळ बोटं लागतात. ‘रिव्हन’ला यातलं काही लागत नाही. एकदा उतरवून घेतला की रेंज गेली तरी चालतो. लागतं ते एवढंच : एक वही, एक पेन्सिल, आणि शेजारी बसून ‘अरे, ते मागचं चिन्ह बघ’ म्हणणारं कुणीतरी.

२०२४ मध्ये सायनने ‘रिव्हन’ पूर्ण नव्याने बांधला. आता त्यात चालता येतं, मान वळवता येते. स्लाइड-शोची तक्रार सत्तावीस वर्षांनी मिटली. काही कोडी त्यांनी मुद्दाम बदलली, म्हणजे जुन्या खेळाडूच्या वहीतली उत्तरं जशीच्या तशी चालत नाहीत. त्याला पुन्हा शाळेत जावं लागतं.

मला तो बदल आवडला. आणि ‘राजी’चा पुढचा भाग येईल तेव्हा त्याचं पहिलं परीक्षण लंडन-न्यूयॉर्कमध्ये लिहिलं जाईल, दुसरं मुंबई-पुण्यात. तिसरं धडगावच्या एखाद्या मुलीने लिहावं, तिला जमेल त्या भाषेत. लढाई कशी आहे ते इतरांनी सांगितलेलं असेलच. जंगलातल्या माणसांचं काय झालं, ते तिने सांगावं.